दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत काम करायला येताय? मग हे वाचून या

स्पेशल एज्युकेशनचा कोर्स करून बाहेर पडलेले बहुतेक जण लहान मुलांकडे जातात. अर्ली इंटरव्हेन्शन, शाळा, थेरपी सेंटर. तिथे पैसेही जरा बरे मिळतात आणि मूल बोलायला लागलं, बटण लावायला लागलं की प्रगती डोळ्यांना दिसते. पण अठरा वर्षं झाली, शाळा संपली की त्याच मुलांचं पुढे काय होतं हे कोर्समध्ये फारसं कोणी सांगत नाही. बरेच जण घरी टीव्हीसमोर बसून असतात, थोडे एखाद्या कार्यशाळेत येतात, म्हणजे रोज येऊन वस्तू बनवायचं काम करतात. मी पुण्यात अशाच एका कार्यशाळेत बरीच वर्षं काम करतेय, आमच्याकडे बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असलेले विशीपासून पन्नाशीच्या पुढचे लोक येतात, आणि दरवर्षी जूनमध्ये नवीन जॉइन होणारे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी कोर्सचं उरकते. बारावीनंतर दोन वर्षांचा डीएड स्पेशल, ग्रॅज्युएशननंतर बीएड स्पेशल, दोन्हीत बौद्धिक दिव्यांगत्वाचं स्पेशलायझेशन घ्यायचं. प्रौढांसोबतच काम करायचं नक्की असेल तर व्होकेशनल रिहॅबिलिटेशनचा, म्हणजे कामधंद्यातून पुनर्वसनाचा, डिप्लोमा बघा, त्याबद्दल कोणी बोलत नाही पण आमच्याकडे सगळ्यात कामाचा तोच. २०२१ पासून सहा महिन्यांचा सीबीआयडी (कम्युनिटी बेस्ड इन्क्लुसिव्ह डेव्हलपमेंट) नावाचा सर्टिफिकेट कोर्सही आहे, वस्तीत, गावात, घरोघरी जाऊन काम करायचं असेल तर तो चांगला. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स करून येणारेही बरेच असतात आणि मला विचाराल तर आम्हाला ते हवेच असतात, कारण निम्मं काम कार्यशाळेच्या बाहेरचं आहे. कोर्स कुठलाही करा, कॉलेजला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यता चालू वर्षाची आहे ना हे आरसीआयच्या साइटवर स्वतः बघा, कॉलेजवाल्यांच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. पास झाल्या झाल्या आरसीआयच्या रजिस्ट्रेशनचा अर्ज टाका, नंबर हातात नसला की अनुदानित ठिकाणी उभंसुद्धा करत नाहीत. दर पाच वर्षांनी ते रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी सेमिनार, वर्कशॉपचे पॉइंट्स लागतात, ते पहिल्या वर्षापासूनच जमवत चला.

आता मुख्य गोष्ट. कार्यशाळेत पाऊल टाकलं की तुम्हाला दिसतील राख्या, पणत्या, कागदी पिशव्या, उटण्याची पाकिटं, फाइली. दिवाळीच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसते. नवीन माणसाला वाटतं की हा माल वेळेत पूर्ण करून घेणं हेच आपलं काम. तेही आहेच, ऑर्डर घेतली तर ती गेली पाहिजे. पण प्रौढ माणसासोबतचं खरं काम वेगळं आहे. त्याला काय हवंय ते त्याच्याकडून काढून घेणं, त्याला ते चारचौघांत सांगता येईल एवढं बळ देणं आणि मग आजूबाजूचे लोक ते ऐकतील अशी सोय करणं. ह्याला सेल्फ ॲडव्होकसी म्हणतात. ज्याला बोलता येतं त्याच्यापुरतंच हे असतं असं समजू नका, आमच्यातल्या एक ताई एक शब्द बोलत नाहीत पण जेवणाचा डबा बाजूला सरकवून त्या जे सांगतात ते आख्ख्या हॉलला कळतं.

विचारणं हे शिकावं लागतं, आणि हे मी जरा सविस्तर सांगते कारण नवीन लोक इथेच अडकतात. कार्यशाळेतल्या आपल्या लोकांना आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलेली असते, मोठ्यांचं ऐकायचं. त्यामुळे तुम्ही काहीही विचारा, उत्तर हो. सहलीला यायचंय? हो. नाही यायचंय का? हो. दोन पर्याय दिले तर बरेच जण शेवटचा शब्द परत म्हणतात, चहा की कॉफी म्हटलं की कॉफी, कॉफी की चहा म्हटलं की चहा. आणि आपण खुशाल लिहून मोकळे होतो की निवड विचारली. म्हणून उलटसुलट करून विचारा, शक्य तिथे फोटो ठेवा, खऱ्या वस्तू ठेवा, दुसऱ्या दिवशी परत विचारा. आणि विचारल्यावर गप्प बसा. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा, काहींना प्रश्न पोचायला आणि उत्तर ओठांवर यायला तेवढा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकला की पहिला गेलाच.

आमच्याकडे दर शनिवारी कार्यशाळेत येणाऱ्यांची स्वतःची मीटिंग असते. अध्यक्ष त्यांच्यातलाच, पालकांना प्रवेश नाही, स्टाफपैकी एकच जण आणि तोसुद्धा मागच्या खुर्चीवर. विषय भिंतीवर चित्रांनी लावलेले असतात, मतदान बाटल्यांच्या झाकणांनी, ज्याला जे हवं त्या फोटोच्या डब्यात झाकण टाकायचं. विषय काय असतात? नाश्त्याला सारखा उपमा नको. बाथरूमची कडी तुटलीय. अमुक सर ओरडतात. मानधनाचं पाकीट आईच्या हातात न देता आमच्या हातात द्या. हा शेवटचा विषय आला तेव्हा पालकसभेत बराच गोंधळ झाला होता, पण मीटिंगने ठराव केला होता आणि दोन जण तो वाचायला उभे राहिले, एक वाचत होता, दुसरा नुसता शेजारी उभा होता. आता पाकीट ज्याचं त्याच्या हातात मिळतं. कोणी त्याचा वडापाव खातं, कोणी मोबाइलचं कव्हर घेतं, कोणी घरी जाऊन आईलाच देतं, तो त्यांचा प्रश्न.

उपमा नको म्हणण्याला हसू नका. ज्या माणसाला उपम्याला नाही म्हणू दिलं जात नाही तो नको त्या ठिकाणी हात लावणाऱ्याला नाही कसं म्हणणार? आपल्या लोकांवर होणारे अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून होतात आणि गप्प बसायची सवय त्यांना लागलेली असते. नाही म्हणणं, दार लावून कपडे बदलणं, अंघोळीला कोण मदत करेल ते स्वतः ठरवणं, ह्याचा सराव रोजच्या साध्या साध्या गोष्टींतूनच होतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात छळाची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे करता येते, त्यांच्या वतीने संस्थाही करू शकते, हे जॉइन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा.

हे सगळं कुठून आलं तेही माहीत असू द्या. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये बौद्धिक दिव्यांग तरुणांचे क्लब होते, ते आपले निर्णय आपण घ्यायला लागले. १९७४ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला पीपल फर्स्ट ही बौद्धिक दिव्यांगांची स्वतःची चळवळ सुरू झाली, आम्ही आधी माणसं आहोत म्हणत. आपल्याकडे चळवळ पालकांनी उभी केली, परिवार ही पालक संघटनांची देशपातळीवरची संघटना, आणि तिच्याच आधाराने सेल्फ ॲडव्होकेट्स फोरम ऑफ इंडिया उभा राहिला. आणि न विचारण्याची किंमत काय असते ते बघायला लांब जायला नको. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढून टाकली गेली, कारण काय तर पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही. महिला संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबलं. त्यानंतर २००९ मध्ये चंदीगडच्या एका मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तिला सौम्य मतिमंदत्व आहे म्हणून तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही. शिरूर ते सुप्रीम कोर्ट ह्या पंधरा वर्षांबद्दल प्रत्येक नवीन कर्मचाऱ्याला बसवून सांगायला हवं असं माझं मत आहे.

कायद्याचं अजून थोडं, कारण पालक तुम्हालाच विचारतात. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे कित्येकांना माहीतच नसतं. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. पण पालकत्व घ्यायलाच पाहिजे असं नाही. २०१६चा कायदा सरळ म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला बाकी सगळ्यांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, आणि गरज असेल तिथे मर्यादित पालकत्व, म्हणजे ठराविक कामापुरतं, ठराविक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी बोलून घेतलेला निर्णय. प्रत्यक्षात काय होतं, बँकेत खातं उघडायला गेलात की काउंटरवरचा माणूस आमच्या माणसाकडे बघतसुद्धा नाही, थेट तुम्हाला विचारतो ह्यांना सही येते का. तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. खुर्ची थोडी मागे घ्या आणि तुमच्या माणसाकडे बघा, म्हणजे तो माणूसही तिकडे बघतो. एकदा नाही जमलं तर परत जा, मॅनेजर बदलला की कधी कधी काम होतं.

मतदानाचंही तसंच. कोर्टाने मानसिकदृष्ट्या अक्षम जाहीर केलेलं नसेल तर मतदार यादीतून कोणी नाव काढू शकत नाही, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर टक्के किती हा प्रश्नच येत नाही. आम्ही निवडणुकीआधी बटण दाबायचा सराव घेतो, पण कोणाला मत द्यायचं ह्याबद्दल स्टाफने एक अक्षर बोलायचं नाही हा नियम कडक पाळतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजना, एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, हे फॉर्म भरायला तुम्हाला यायलाच पाहिजेत, त्यात कंटाळा करून चालणार नाही.

आता कम्युनिटी सपोर्ट, म्हणजे आजूबाजूच्या माणसांचा आधार. आमच्या एका दादांना, वय चाळीसच्या आसपास, कार्यशाळेत एकट्याने बसने यायचं होतं. मीटिंगमध्ये त्यांनी बसचा फोटो उचलला आणि मग रोज उचलायला लागले. घरी फक्त आई, त्यांची सत्तरी उलटलेली, त्या म्हणाल्या मी असेपर्यंत मी सोडायला येईन. मग आम्ही बसस्टॉपपासून सुरुवात केली. स्टॉपसमोरच्या किराणा दुकानदाराला भेटलो, सोसायटीच्या वॉचमनला, आमच्या बाजूच्या स्टॉपवरच्या चहावाल्याला. दादांना घेऊन भेटलो, त्यांच्या पाठीमागे नाही. दुकानदाराला सांगितलं की ह्यांना आठवड्याचे वार कळतात, आकडे कळत नाहीत, म्हणून बसचा नंबर न विचारता बसवरच्या पाटीचा फोटो मोबाइलमध्ये दाखवा. पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी, मग दोन सीट मागे, मग दुसऱ्या दारापाशी, मग फक्त उतरायच्या स्टॉपवर. एकदा बसचा मार्ग बदलला तर दादा उतरलेच नाहीत, शेवटच्या स्टॉपला जाऊन बसले आणि कंडक्टरने त्यांच्या खिशातल्या कार्डावरचा नंबर लावला. आईंना वाटलं आता हे बंदच. पण दादांनी दुसऱ्या दिवशी परत फोटो उचलला. आता येतात. आई अजून गॅलरीत उभ्या राहतात आणि दुकानदार त्यांना खालून हात करतो, गेले म्हणून.

तो दुकानदार कुठल्याही सरकारी योजनेत बसत नाही, पण उद्या आई नसतील तेव्हा दादांच्या आयुष्यात जी माणसं असतील त्यातला एक तो असेल. आमच्या माघारी काय, हा एकच प्रश्न प्रत्येक पालकाच्या पोटात असतो आणि त्याला हॉस्टेल हे एकच उत्तर बहुतेकांना माहीत असतं. जागा हव्यातच. डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल, मुळशीत कोळवणचं साधना व्हिलेज, सुट्टी काढून बघून या, लोक एकत्र कसे राहतात, काम कसं वाटून घेतात ते कळेल. मुंबईत अर्पण कॅफेत बौद्धिक दिव्यांग प्रौढ काम करतात, तिथे जाऊन ऑर्डर देऊन बघा. पण सगळ्यांना जागा कधीच पुरणार नाहीत आणि सगळ्यांना घर सोडायचंही नसतं, म्हणून आई-वडील धडधाकट असतानाच बहीण, भाचा, शेजारी, जुने शिक्षक अशा पाच-सात जणांना एकत्र बसवायचं, आणि त्या बैठकीत मधली खुर्ची त्या माणसाची. भावंडांवर सगळं ढकलू नका, आणि त्यांना न विचारता गृहीत तर अजिबात धरू नका.

पालकांशी भांडायची वेळ येईल. कोणी म्हणेल तुम्ही आमच्या मुलाला बिघडवताय, आधी शहाण्यासारखं ऐकायचा. ऐकून घ्या, त्या आईने तीस-चाळीस वर्षं एकटीने सगळं ओढलेलं असतं. पण निर्णय मागे घेऊ नका.

काही बारीक गोष्टी. पन्नाशीच्या माणसाला अरेतुरे करू नका, काका म्हणा. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल दुसऱ्याशी बोलू नका. बालगीतं लावू नका, विचारा, बहुतेकांना नवीन मराठी गाणी हवी असतात. फाइलमध्ये जे लिहाल ते त्यांना वाचून दाखवता आलं पाहिजे.

पगाराबद्दल खरं सांगायचं तर खाजगी संस्थांमध्ये सुरुवातीला कमी मिळतो, अनुदानित कार्यशाळेत विशेष शिक्षक, निदेशक, काळजीवाहक अशी मंजूर पदं असतात पण भरती रखडते. २०२२च्या डिसेंबरपासून राज्यात दिव्यांग कल्याणचा वेगळा विभाग आहे, त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. घरून थोडा आधार असेल तर पहिली दोन वर्षं निघतात, नसेल तर संध्याकाळच्या होम व्हिजिट घ्या, बरेच जण घेतात.

आणि मुलाखतीला गेलात की तुम्हीही प्रश्न विचारा. इथे त्यांची मीटिंग होते का आणि तिचे ठराव कोण वाचतं? मानधन कोणाच्या हातात जातं? कोणी काम नको म्हणालं तर काय करता? आमच्या पॅनेलवर त्यांच्यातले दोघे बसतात आणि उमेदवाराला विचारतात, तू ओरडतेस का, आणि माझ्याबरोबर बसून डबा खाशील का. ह्या दोन प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर आम्ही चांगल्या मार्कांच्या लोकांनाही नाही म्हटलंय.