मधुमेहींच्या पायाच्या जखमेवर कृत्रिम त्वचा लावताय? या चुका टाळा

ड्रेसिंग उघडलं आणि पिवळट, बुळबुळीत थर दिसला की नवशिक्याचा हात गॉजकडे गेलाच म्हणून समजा. जिवंत पेशींचा ग्राफ्ट, म्हणजे ही कृत्रिम त्वचाच, ओल धरून काही दिवसांत असाच जेलीसारखा दिसू लागतो. एका शिकाऊ डॉक्टरने सातव्या दिवशी तो 'स्लफ', म्हणजे मेलेल्या पेशींचा थर, समजून सलाइनने घासून काढला. वर जखम किती स्वच्छ झाली म्हणून मला कौतुकाने बोलावून दाखवली! जखम लालबुंद, ग्राफ्ट कचऱ्याच्या बादलीत. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पू, दुर्गंधी, पसरणारी लाली, ताप यांतलं काही असेल तर संसर्गाचा विचार करा, नुसत्या पिवळ्या रंगावरून नको. मी तरी पहिला आठवडा आतलं न चिकटणारं जाळीचं ड्रेसिंग हलवत नाही, भिजलेली वरची पट्टी तेवढी बदलतो.

पोव्हिडोन आयोडीनने जंतू मरतात, तशा ग्राफ्टमधल्या पेशीही मरतात. त्यावर ते ओतू नका.

पहिल्याच भेटीत ग्राफ्टची घाई करणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. आधी मेलेली कातडी आणि कडेचा घट्टा काढा, साखर आवरा, दर आठवड्याला जखम मोजा. 4 आठवड्यांत क्षेत्रफळ निम्मंही कमी झालं नाही, तर मग ग्राफ्टचं बोलू. जखमेची खोली बघायला घातलेली बोथट सळई हाडाला टेकत असेल, तर आधी हाडातल्या संसर्गाचं बघा.

घोट्याचा रक्तदाब चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मधुमेहात धमन्या कडक होतात आणि आकडा खोटाच फुगतो. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजा. तो 30 मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर त्वचा लावण्याआधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवा.

आणि जखमेवर पडणारं वजन! पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे दुखत नाही, म्हणून माणूस चालतो. "बाथरूमपर्यंतच गेलो होतो हो डॉक्टर," हे वाक्य मी रोज ऐकतो. जखमेवरचा भार कमी करणारा, काढता येणारा बूट घरी गेल्यावर काढला जातोच. त्यामुळे संसर्ग नसेल आणि रक्तपुरवठा बरा असेल तर मी सरळ गुडघ्यापर्यंतचं, न काढता येणारं प्लास्टर घालतो. बूटच द्यावा लागला, तर पुढच्या भेटीत तो उलटा करून तळ बघतो. दोन आठवड्यांनी तळ नवाकोरा आणि घरची चप्पल मात्र झिजलेली असली, की मी काही विचारत बसत नाही.