मोहिमेची गाडी कशी निवडावी: २८ मिमीच्या टेबलासाठी १९२०-३० च्या दशकांतल्या मोटारी

टेबलावर छोट्या बाहुल्या आणि गाड्या मांडून मोहिमेचा खेळ खेळायचा, तर गाडी घेण्याआधी जमीन आणि साल ठरवा. वाळू आहे, खडकाळ माळ आहे की घाट, आणि कोणत्या वर्षी? एवढं ठरलं की निम्मी निवड तिथेच होते. आधी मनात भरलेली गाडी आणि मग तिच्यासाठी मोहीम असं केलं, की १९२५ च्या गोबी वाळवंटात १९४० चा लष्करी ट्रक येऊन उभा राहतो.

गोबीसाठी अमेरिकी संशोधक रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमा समोर ठेवा. १९२२ साली त्यांच्याकडे तीन डॉज मोटारी आणि दोन एक टनी फुल्टन ट्रक होते, आणि पेट्रोल उंटांच्या तांड्यावर पुढे जात असे. म्हणजे टेबलावर दोन गाड्या पुरतात, पण चार-पाच उंट हवेतच. तांडा गाठला नाही तर गाडी थांबली, हा नियम खेळात आयताच मिळतो.

लिबियाच्या वाळवंटासाठी ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९२९ पासून वापरलेली फोर्ड मॉडेल ए घ्या. सहारा हवा असेल तर सित्रोएन या फ्रेंच कंपनीची सित्रोएन-केग्रेस, म्हणजे पुढे चाकं आणि मागे पट्टे. अशा पाच गाड्या १७ डिसेंबर १९२२ ला अल्जीरियातल्या तुगुर्तहून निघाल्या आणि ७ जानेवारी १९२३ ला तिंबक्तूला पोहोचल्या. १९३१-३२ मध्ये याच कंपनीची मोहीम बैरुतहून पेकिंगला गेली. श्रीनगरहून गिलगिटकडे तिच्या दोनच गाड्या नेल्या आणि वाटेत त्या सुट्या करून हमालांकरवी वाहून न्याव्या लागल्या. काश्मीरचा घाट मांडायचा असेल तर सुटे भाग पाठीवर घेतलेले हमालही मांडा. इतकी चांगली खेळी दुसरी मिळणार नाही.

आता स्केल. ‘२८ मिमी’ हे माणसाच्या बाहुलीचं माप आहे, गाडीचं नव्हे. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर फूटपट्टीने मोजा. फोर्ड मॉडेल टीचं हे अंतर २५४० मिमी होतं, मॉडेल एचं २६२९ मिमी. म्हणजे १/५६ मध्ये (खऱ्या मापाचा छप्पन्नावा भाग) टी ४५ मिमी आणि ए ४७ मिमी, १/४८ मध्ये ५३ आणि ५५, १/४३ मध्ये ५९ आणि ६१. १/५६ ला पावणेदोन मीटरचा माणूस ३१ मिमी भरतो, त्यामुळे तेच स्केल नीट बसतं. बाहुली दोन-तीन मिमी जाड बेसवर, म्हणजे तळाच्या चकतीवर, उभी असते, म्हणून १/४८ ही चालून जातं. डायकास्टच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, १/४३ गाडीत मात्र माणूस बापाच्या खुर्चीत बसलेल्या पोरासारखा दिसतो. सगळ्यात वाईट म्हणजे एकाच ताफ्यात दोन स्केल. शेजारी शेजारी उभ्या केल्या की चाकंच चुगली करतात.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर १/४८ ची फाइल ८५.७ टक्क्यांवर आणा, १/७२ ची १२८.६ टक्क्यांवर न्या. लहान करताना काचेची चौकट आणि स्टिअरिंगचा दांडा इतके बारीक होतात की हात लागताच मोडतात. ते छापूच नका, ०.८ मिमीची पितळी तार लावा. रेझिनचा सांगाडा वाकडा निघाला तर गरम पाण्यात मऊ करा, सपाट फरशीवर दाबा आणि तसाच दाबून गार पाण्यात धरा.

बांधणी उघडी निवडा. बंद गाडीत कोण बसलंय ते दिसत नाही आणि खेळात सतत विचारावं लागतं. २५ मिमीचा बेस १/५६ च्या मोटारीच्या आसनावर मावत नाही, तेव्हा चालक बसलेला घ्या आणि कायमचा चिकटवा, बाकीच्यांसाठी चिठ्ठ्या वापरा. ट्रकचा हौदा आतून २६ मिमी रुंद असेल तर उभ्या बाहुल्या एकामागे एक राहतात. विकत घेण्याआधी हे माप विचारून घ्या.

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी हाफ-ट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली लष्करी गाडी) कापून सित्रोएन करण्याचा मोह आवरा. तो सहा मीटरहून लांब, सहाराची गाडी त्याच्यापुढे चिमुकली. केग्रेसचा पट्टा रबर-कॅनव्हासचा होता. त्यावर चंदेरी रंग फासला की काम बिघडतं. काळपट करडा लावा आणि वर धुळीचा हलका हात द्या.

मोहिमेची गाडी खरी ओळखू येते ती सामानावरून, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. किटमधले जेरीकॅन, म्हणजे पेट्रोलचे लष्करी डबे, बाजूला ठेवा. तो डबा १९३७ चा, जर्मन लष्कराचा. तेव्हाच्या ब्रिटिश प्रवाशांकडे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे चौकोनी डबे असत, लाकडी खोक्यात दोन-दोन. आपल्याकडचा पंधरा किलो तेलाचा डबा आठवा, आकार तोच. ते गळतही भरपूर. ४ मिमी चौरस प्लॅस्टिक रॉडचे ६ मिमी तुकडे कापा, १/५६ ला माप बरोबर जमतं. एका ट्रकला बारा ते सोळा लागतात.

बॅग्नॉल्ड यांच्या गाडीला आणखी दोन गोष्टी हव्यात. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पोलादी पट्ट्या, सुमारे २७ मिमी लांब, दर गाडीला दोन. आणि रेडिएटरची वाफ परत पाणी करणारा डबा: फुटबोर्डवर ५ मिमीचा ठोकळा, तिथून रेडिएटरच्या तोंडापर्यंत तांब्याची तार.

सामान कायमचं चिकटवू नका. ५ × १ मिमीची चुंबकं हौद्यात आणि ओझ्याखाली बसवा. चिकटवण्याआधी ध्रुव तपासा, नाहीतर ओझं उडून पडतं. पारदर्शक काचेजवळ सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे पांढरा फेविकॉल चालतो.

रंग देण्याआधी गाडी टेबलावर फिरवून पाहा. मॉडेल ए १/५६ ला सुमारे ३० मिमी रुंद असते, पण दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि डबे लटकवले की ४० मिमीपर्यंत जाते. खडकांमधली वाट निदान ५० मिमी ठेवा, आणि दोन गाड्या समोरासमोर यायच्या असतील तर ९० मिमी.