पुण्याहून बुटवलला संसार हलवताना

माझा नवरा नेपाळमधल्या बुटवलचा, मी पुण्याची. दोन्ही मुलांचा जन्म पुण्यातला, शाळाही मराठी. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्या पडल्या आणि आम्ही बिऱ्हाड नेपाळला न्यायचं ठरवलं. आता ज्यांचा जोडीदार नेपाळी आहे अशा मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी पहिलं हेच सांगते: सामान नंतर बांधा, आधी कागदांवरची नावं जुळवा.

१९५०च्या करारामुळे भारतीयांना नेपाळात राहायला व्हिसा लागत नाही. सीमेवरच्या सुनौलीच्या कमानीखालून लोक सायकलवरून ये-जा करतात, त्यामुळे कागदपत्रांचं काय एवढं, असं वाटतं. पण पलीकडे घर मांडलं की वडा कार्यालय (म्हणजे वॉर्ड ऑफिस), शाळा, बँक सगळीकडे कागदच बोलतो.

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. नेपाळात वडिलांचं नाव मध्ये घालत नाहीत. नाव आणि थर, म्हणजे आडनाव, एवढंच. म्हणजे आपल्या दाखल्यावरचं तीन शब्दांचं नाव आणि तिकडच्या फॉर्मवरचं दोन शब्दांचं नाव ही दोन वेगळी मुलं वाटू शकतात. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट आणि शाळेचा दाखला समोर मांडा आणि स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून ताडून बघा. नवऱ्याचं नाव त्याच्या नागरिकतेच्या प्रमाणपत्रावर जसं आहे, तसंच मुलांच्या जन्मदाखल्यावर आणि विवाह प्रमाणपत्रावर हवं. दुरुस्ती करायची असेल तर महापालिकेत, निघण्याआधी करा. तिकडून ती करून घेणं फार जिकिरीचं. आणखी एक, तीन पुस्ते, म्हणजे तीन पिढ्यांची नावं. बँकेतसुद्धा आजोबांचं नाव विचारतात, तेही कुठे कसं लिहिलंय ते बघून ठेवा.

मग तारखा. नेपाळात सरकारी कामकाज विक्रम संवतात चालतं. ऑगस्ट २०१३चा जन्म म्हणजे तिकडे २०७०. पण जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जन्मलेल्यांच्या सनात ५७ नाही, ५६ मिळवायचे. प्रत्येकाची तारीख एकदा नीट बदलून एका कागदावर लिहा आणि सगळीकडे तीच द्या.

नागरिकत्वाची घाई करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नेपाळी पुरुषाच्या परदेशी बायकोला अंगीकृत नागरिकता मिळू शकते, पण त्यासाठी आपलं भारतीय नागरिकत्व सोडण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. मुलांना नागरिकतेचं प्रमाणपत्र १६व्या वर्षी मिळतं. तोपर्यंत त्यांच्याशी बोलून ठरवायला वेळ आहे. मी भारतीय पासपोर्टवरच राहते आणि काठमांडूच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवलं आहे.

शाळेसाठी वेळ साधा. नेपाळी शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतं आणि नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे वार्षिक परीक्षा असतात. मुख्याध्यापकांना महिनाभर आधी भेटा. राज्याबाहेर जायचं तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. नेपाळी विषय सक्तीचा आहे, पण लिपी देवनागरीच, त्यामुळे माझी मुलगी पहिल्या आठवड्यात धडा घडाघडा वाचत होती. अर्थ तिला हजुरआमा, म्हणजे आजी, सांगायच्या. दहावीला तिकडे एसईई परीक्षा असते. मूल नववीत असेल तर दहावी इथेच होऊ द्या, मग जा.

सामान कमीच न्या. वापरलेल्या वस्तूंची यादी करून तिच्या दोन प्रती ठेवा, भन्सारवर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, विचारतातच. नवं, खोक्यातलं काही नेऊ नका. गाडी इथेच विका. भारतीय नंबरची गाडी तिकडे कायमची ठेवता येत नाही, दिवसाची जकात भरत बसावं लागतं. पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौली साधारण नव्वद किलोमीटर. पलीकडे भैरहवा आणि तिथून तासाभरात बुटवल. पुढे पाल्पा-पोखऱ्याकडे जायचं असेल तर पावसाळा टाळा, सिद्धबाबाच्या वळणावर दरडी कोसळतात. दसैं-तिहारात, म्हणजे तिकडच्या दसरा-दिवाळीत, कार्यालयं बंद असतात, तेव्हा कागदांची कामं धरू नका.

पैशाचं तसं सोपं आहे. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३पासून बदललेला नाही. सुट्ट्यासाठी शंभराच्या नोटा न्या. मोठ्या नोटा घ्यायला दुकानदार कचरतात. मार्च २०२४पासून बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआयही चालतं.

आपलं भारतीय सिम मात्र बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, तेव्हा निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्या. आणि बुटवल-भैरहवाकडे सराफ बाजारात गेलात तर मराठी कानावर पडतंय का बघा. आमच्या विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, नेपाळातही आहेत. घर कुठल्या भागात भाड्याने मिळेल, डॉक्टर कोण चांगला, हे त्यांच्याइतकं नीट आपल्या भाषेत दुसरं कुणी सांगणार नाही.