मान वळते, घोडा वळत नाही

माझ्या वाट्याला आलेला पहिला कोरा घोडा म्हणजे चिकू. पाच वर्षांचा थरोब्रेड, रेसकोर्सवरून नुकताच उतरलेला. पुण्यात रायडिंग शिकणाऱ्याला असे घोडे हमखास भेटतात. त्याआधी तीन वर्षं मी शिकलेल्या घोड्यांवरच बसले होते, त्यामुळे डावीकडे जायचं तर डावी रेन (लगामाची वादी) ओढायची, इतकंच मला माहीत. चिकू मान पार माझ्या गुडघ्यापर्यंत आणायचा आणि उजवा खांदा पुढे काढून निवांत कुंपणाकडे निघायचा.

"ताई, मान वळली. घोडा कुठं वळलाय?" पागेतले मामा म्हणाले.

त्यांनी वाळूवर दाताळं फिरवून घेतलं, चुन्याने 20 मीटरचं सर्कल आखलं आणि मला एक फेरी चालीत मारायला लावली. उतरून बघते तर पुढच्या टापा एका वाटेने, मागच्या दुसऱ्याच. सरळ चालणं म्हणजे मागच्या पायांनी पुढच्यांची वाट धरणं, मग ती वाट गोल का असेना, हे मला त्या वाळूने शिकवलं. तुम्हीही रोज उतरून टापा बघा. खोगिरात बसून जे वाटतं ते फार फसवं असतं.

आपल्यासारखं खांद्याला छातीशी जोडणारं हाड घोड्याला नसतं. पुढचे पाय स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखे असतात, त्यामुळे खांदा सहज बाजूला सरकतो. मान खूप वाकते, पाठ अगदी थोडी. आतली, म्हणजे वळणाच्या बाजूची, रेन ओढली की मान वाकून मोकळी होते आणि बाकीचा घोडा बाहेर निसटतो. आवरायचा असतो तो खांदा, आणि तो आवरते बाहेरची रेन. आतल्या रेनने फक्त आतल्या डोळ्याची पापणी दिसेल इतकंच मागायचं. आपला आतला पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ), बाहेरचा चार बोटं मागे, पुठ्ठे, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, बाहेर जाऊ नयेत म्हणून. वाचायला सोपं आहे. मला दीड महिना लागला, कारण हात पुन्हा पुन्हा आतच ओढायचा.

उजवीकडे चिकूचं उलटंच. तिकडे तो वाकायचाच नाही, ओंडक्यासारखा उजव्या रेनवर रेलायचा. रेसच्या घोड्याला लगामाचा आधार घेऊन पळायची सवय असते. तुम्ही ओढलंत की त्याला आधार मिळाला, तो आणखी जोरात निघणार. म्हणून क्षणभर रेन सैल सोडायची आणि आतल्या पायाने विचारायचं. आमचा सगळ्यात उपयोगी पडलेला व्यायाम म्हणजे सर्कल 20 मीटरवरून हळूहळू 15 वर आणायचं आणि मग आतल्या पायाने ढकलत परत 20 वर न्यायचं. आधी चालीत, मग दुडकीत. दोन-तीन फेऱ्या झाल्या की बाजू बदला. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. दमलेला घोडा वाकडाच चालतो.

कुंपणावर विश्वास ठेवू नका. घोड्याचे खांदे पुठ्ठ्यांपेक्षा अरुंद असतात. तो कुंपणाला लगटून चालला की खांदा आणि पुठ्ठा दोन्ही कुंपणापासून सारख्याच अंतरावर ठेवतो, म्हणजे तिथेच थोडा तिरका होतो. अशा वेळी पुठ्ठे बाहेर ढकलायचे नाहीत, खांदे किंचित आत आणायचे. आणि दोन मीटर आतून, कुंपणाच्या आधाराशिवाय सरळ जाऊन बघा. पहिल्या दिवशी आमची रेघ नागमोडी होती.

घोड्यालाच दोष देण्याआधी दात, पाठ, खोगीर आणि नाल तपासून घ्या. आणि स्वतःलाही. आपण डावीकडून रिकिबीत पाय घालून चढतो, म्हणून डाव्या रिकिबीचा पट्टा ताणून लांब होतो. माझे दोन्ही पट्टे एकाच भोकावर होते, तरी डावी रिकीब बोटभर खाली. मामांनी पट्टे अदलाबदल करून लावले. मी कित्येक आठवडे वाकडी बसून घोड्याला सरळ चाल म्हणून सांगत होते!

2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताला सांघिक ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सुवर्ण मिळालं, मुंबईचा हृदय छेडा त्या संघात होता. ते घोडे पाहून चिकूकडून महिन्याभरात तसंच मागावंसं वाटतं. मीही घाई केलीच. चौथ्या महिन्यात उजवीकडे कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाची चाल, मागितला, तर चिकू पुन्हा उजव्या खांद्यावर कलंडला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत 20 मीटरच्या दुडकीवर होतो, आणि मामा दाताळं घेऊन वाळूपाशी.