प्रकल्प अहवाल लिहिताना एआय कसं वापरावं?

चॅटजीपीटीकडे तुकोबांचे चार अभंग मागून पाहा. दोन गाथेतले निघतील, दोन त्याने स्वतःच रचलेले असू शकतात; ‘तुका म्हणे’ मात्र चारांतही असेल! गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला चटकन शंकाही येत नाही. पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत जाणारं हे साधन आहे. इंटरनेटवर शोधायची सोय चालू केली तरी ही खोड पुरती जात नाही.

पदवीचा किंवा एम.ए.चा प्रकल्प करणार असाल, तर पहिलं काम मार्गदर्शकांना विचारण्याचं. भाषा सुधारून घेतली तर चालेल का? भाषांतर? उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी ‘चालतंय हो’ अहवाल जमा करायच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

मग साधन बंद ठेवून दोन पानं स्वतः लिहा. मोडकीतोडकी चालतील. ती हातात आली की एआय उघडा, पण ‘लिहून दे’ म्हणू नका. ‘बाहेरून आलेला परीक्षक समजून मला दहा प्रश्न विचार’ किंवा ‘माझ्या मुद्द्याविरुद्ध सगळ्यात जड युक्तिवाद कोणता?’ असं विचारा. माझ्या मते त्याचा खरा उपयोग इथे आहे. मुलाखतींचा मजकूर द्यायचा असेल तर आधी नावं, गावं, फोन नंबर काढून टाका.

सगळ्यात जास्त वेळ संदर्भांना द्या. न्यूयॉर्कच्या ‘माटा विरुद्ध अ‍ॅव्हिआंका’ खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, कधी झालेच नव्हते असे निवाडे न्यायालयात सादर केले. २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. गंमत म्हणजे, निवाडे खरे आहेत ना, हे त्यांच्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. ते ‘हो’ म्हणालं.

तेव्हा पडताळा बाहेर घ्यायचा. लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून गूगल स्कॉलरवर (गूगलचा अभ्यासलेखांचा शोध) शोधा, प्रबंध असेल तर शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, पुस्तक असेल तर ग्रंथालयाच्या यादीत. अनेकदा लेखक खरा असतो, नियतकालिकही खरं, फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो. सापडला तर उघडा आणि ते पान वाचा. न वाचलेला संदर्भ यादीत नको.

अहवालात कबुली द्या: ‘प्रकरण दोनमधील भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटी वापरले, निष्कर्ष माझे आहेत.’ अर्थात, ते खरं असेल तरच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमावलीत इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण ती टक्केवारी मजकुरातलं साम्य मोजते. लिहिलं कुणी, हे नाही. एआयने लिहिलेलं ओळखणारी यंत्रंही चुकतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं यंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. स्वतः लिहूनही तुमच्यावर आळ येऊ शकतो. म्हणून कच्चे मसुदे आणि चॅट जपून ठेवा.

तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसा. ‘बहुआयामी परिप्रेक्ष्यातून’ असलं काही दिसलं, की ते मित्राला साध्या मराठीत सांगून बघा. नाही जमलं तर ते वाक्य खोडा.