टोपी वेगळी, खेकडा वेगळा

ड्रोमिइडी कुळातले खेकडे पायांच्या मागच्या दोन जोड्यांनी स्पंज हा समुद्री प्राणी टोपीसारखा पाठीवर धरतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते सोडून देते. मी फसले ते नमुने बरणीत जपताना.

पहिल्याच फेरीत सात खेकडे मिळाले. सातही टोपीसकट एकाच बरणीत घातले, वरून नमुने टिकवणारं इथेनॉल (अल्कोहोल), बाहेर एक लेबल. महिन्याने झाकण काढलं तर सगळ्या टोप्या सुटून तळाशी. कुठली कुणाची, कळायला मार्ग नाही. शिवाय स्पंज म्हणजे पाण्याची पखाल. ते पाणी इथेनॉलमध्ये उतरलं आणि नमुने मऊ पडले.

तेव्हा नीट ऐका. टोपी पाठीवर असतानाच फोटो घ्या. मग टोपी एका बरणीत, खेकडा दुसऱ्या बरणीत, दोन्हींचा क्रमांक एकच. क्रमांक पेन्सिलीने कागदावर लिहायचा आणि कागद बरणीच्या आत टाकायचा. बाहेरची शाई इथेनॉलच्या एका ओघळाने जाते. दुसऱ्या दिवशी स्पंजाचं इथेनॉल बदला. दमला असाल तरी बदला.

'आम्ही सगळं फॉर्मलिनमध्येच ठेवायचो' म्हणणारे ज्येष्ठ भेटतील. मान डोलवा. पण फॉर्मलिनने डीएनए बिघडतो. तो हवा असेल तर नुसती मानच डोलवा, ऐकू नका.

स्पंजाचा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून मागे उरणारे स्पिक्यूल, म्हणजे स्पंजाच्या सांगाड्यातल्या बारीक सुया, बघतात. माझ्या एका टोपीचं काहीच उरलं नाही. माझंच चुकलं म्हणून दोन दिवस कुढले. त्या स्पंजात स्पिक्यूल नव्हतेच, नुसते स्पंजिन या प्रथिनाचे धागे! कधी टोपी स्पंजाची नसून अ‍ॅसिडियन या दुसऱ्याच समुद्री प्राण्याची निघते. म्हणून चिमूटभरच वापरा, बाकी जपून ठेवा.

फोटोवरून जात सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कवचावरची लव साफ केल्याशिवाय कडेचे दात दिसतच नाहीत. हे काम सावकाशीचंच. खेकड्यांचे अभ्यासक कॉलिन मॅक्ले यांचा ऑस्ट्रेलियातल्या मॉर्टन बेमधल्या क्रिप्टोड्रोमिया या ड्रोमिइडी खेकड्यावरचा लेख 1983चा. अँड्र्यू होझींसोबत त्यांनी 'लामार्कड्रोमिया बीगल' या याच कुळातल्या नव्या जातीचं वर्णन केलं ते 2022 साली. तुमचं एक वर्ष वाया गेलं तर काही बिघडत नाही.

वर्तन बघायचं असेल तर महागडं काही लागत नाही. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी खेकड्यांना कृत्रिम स्पंजाचे लहानमोठे तुकडे दिले होते. खेकडा नांगीने स्पंज कातरतो, अंग बसेल एवढा खळगा कोरतो आणि उचलून पाठीवर घेतो. पहिल्यांदा बघताना मी वेळ नोंदवायलाच विसरले. घड्याळ आधी लावून ठेवा.