हॅस्केलमधून सीकडे ‘ठाणे’ पाठवताना

ठाणे-वाशी लोकलच्या स्टेशनांची नावं हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत आहेत आणि सी या दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या इंडिकेटरच्या लायब्ररीला ती द्यायची आहेत, असं समजू. हॅस्केलची स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी. सीला हवा असतो बाइट्सचा सलग पट्टा आणि शेवटी शून्य बाइट. त्यामुळे कॉपी करावीच लागते.

कॉल चालू असेपर्यंतच सीला नाव लागत असेल, तर हॅस्केलच्या फंक्शनांपैकी ‘विथसीस्ट्रिंग’ घ्या. जागा तोच घेतो, तोच सोडतो. आतला पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा पत्ता, बाहेर नेऊ नका. त्याला दिलेला कोडचा ब्लॉक संपला की ती जागा आपली नाही. लायब्ररी पॉइंटर जपून ठेवत असेल तर ‘न्यूसीस्ट्रिंग’ वापरा. ही जागा मॅलॉकची (सीच्या मेमरी देणाऱ्या फंक्शनची), तेव्हा काम झाल्यावर ‘फ्री’ करून ती आपणच सोडायची.

उलट दिशेला, सीकडून हॅस्केलकडे येताना, ‘पीकसीस्ट्रिंग’ फक्त कॉपी करतो, मूळ जागा सोडत नाही. सीने स्ट्रिंगची नवी प्रत ‘स्ट्रडप’ करून दिली असेल तर वाचून झाल्यावर फ्री करा. लायब्ररीचं स्वतःचं सोडण्याचं फंक्शन असेल तर तेच वापरा. सीच्या कोडमध्येच लिहिलेली स्थिर स्ट्रिंग मात्र फ्री करू नका, प्रोग्राम कोसळेल.

खरी गंमत मराठीत आहे. वरचे तिन्ही फंक्शन लोकेलचं, म्हणजे मशीनच्या भाषा-सेटिंगचं, एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करण्याची पद्धत) वापरतात. आपल्या मशीनवर सगळं ठीक दिसतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) किंवा डॉकरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) हे सेटिंग ठरवणारं ‘लँग’ सेट नसेल तर देवनागरी धड पोचत नाही. म्हणून लोकेलच्या भरवशावर राहू नका. हॅस्केलचा ‘टेक्स्ट’ प्रकार घ्या, ‘एन्कोडयूटीएफ८’ने त्याची बाइटस्ट्रिंग (नुसत्या बाइट्सची माळ) करा आणि ‘यूजअ‍ॅजसीस्ट्रिंग’ने पाठवा, शेवटचा शून्य बाइट तोच जोडतो. त्याचा ‘अनसेफ’ भाऊ कॉपी वाचवतो, पण शून्य जोडत नाही. तिथे लांबीसकट देणारा ‘लेन’ प्रकारच घ्यावा, आणि सीनेही ती लांबी पाळायला हवी.

सीला लिहायला बफर, म्हणजे मोकळी जागा, देताना बाइट मोजा, अक्षरं नव्हे. ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा: चार कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं), यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी 3 बाइट, एकूण 12. शून्यासह 13. ‘अ‍ॅलोकाबाइट्स’ने 12 बाइटचीच जागा दिलीत तर सीचं लिहिणारं फंक्शन ‘एसएनप्रिंटएफ’ शून्यासाठी एक राखून 11 बाइटच ठेवतो, मात्रेचा तिसरा बाइट तुटतो आणि ‘डीकोडयूटीएफ८’ अपवाद (एरर) फेकतो. ‘कोपरखैरणे’ला 28 लागतात. परत आलेले बाइट ‘पॅकसीस्ट्रिंग’ने उचला आणि ‘डीकोडयूटीएफ८-प्राइम’ने उलगडा, बिघाड असला तर प्रोग्राम न थांबता तो ‘लेफ्ट’ या उत्तरात हाती येतो.